खोली मिळाली, पावती कुठाय?

जून उजाडला की कामरगावच्या बसस्टँडवर एक चित्र दरवर्षी दिसतं. बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी, सोबत बाबा, पायाशी बॅग, दोरीनं बांधलेली गादी आणि पिशवीत लोणच्याची बरणी. अमरावतीकडे जाणारी गाडी यायची असते. ओळखीचं कुणीतरी विचारतं, "रूम भेटली का?"

"भेटली ना. तीन हजार म्हणते. लाइटबिल वेगळं."

विचारणारा मान हलवतो, गाडी येते आणि विषय तिथंच संपतो. आज आपल्याला या संपलेल्या विषयावरच बोलायचं आहे.

खोली बघायला गेलात तो पहिला दिवस आठवा. मालकानं काय काय मागितलं? आधार कार्डाची झेरॉक्स, दोन फोटो, बाबांचा मोबाइल नंबर, पोलीस ठाण्यात द्यायच्या फॉर्मवर सही. मालकाला लागणारे सगळे कागद पहिल्याच दिवशी तयार झाले. आणि तुम्हाला लागणारे? डिपॉझिट रोख दिलंत, त्याची पावती नाही. भाडं दर महिन्याला देता, त्याचीही नाही. खोली किती महिन्यांसाठी दिली, भाडं कधी वाढणार, पाणी किती वेळ, सोडताना डिपॉझिटमधून काय कापणार, हे सगळं तोंडी. "आपल्या घरच्यासारखंच समजा," असं काकू म्हणाल्या आणि बाबा खूश झाले. घरच्यासारखं म्हटल्यावर कागद मागायचा तरी कसा?

डिपॉझिट या शब्दाचं वजन गावाकडच्या हिशेबात मोजून बघा. समजा पंधरा हजार मागितले. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. म्हणजे पंधरा हजार हे तीन क्विंटलहून थोडं जास्त सोयाबीन, तेही हमीभाव हातात पडला तर. कारंज्याच्या मार्केटात माल नेणाऱ्या कुणालाही विचारा, तो "पडला तर" या दोन शब्दांवर हसेल. बाबांचं तीन क्विंटल सोयाबीन एका अनोळखी माणसाकडे ठेवून आपण शिकायला बसतो आणि ते ठेवल्याचा कुठेही पुरावा नसतो.

मी शिकायला बाहेर होतो तेव्हा खोली सोडताना माझं निम्मं डिपॉझिट 'रंगकामाचे' म्हणून कापलं गेलं. पुढची दोन वर्षं त्याच गल्लीतून जाणं-येणं होतं. येता-जाता खिडकीतून डोकावायचो. भिंत तीच, रंग तोच, माझ्या कॅलेंडरच्या खिळ्याचं भोकही तसंच. भांडायला हातात काहीच नव्हतं, म्हणून भांडलो नाही.

"मग सरकार काय करतं?" हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर आपल्या वऱ्हाडात बरंच जुनं आहे. कामरगाव आज वाशीम जिल्ह्यात आहे, १९९८ च्या जुलैपर्यंत ते अकोला जिल्ह्यात होतं आणि त्याआधी, १९५६ पर्यंत, हा सगळा मुलूख मुंबईच्या नव्हे, नागपूरच्या राज्यकारभारात होता. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा सिमेंट-लोखंडाची टंचाई होती, नवी घरं बांधली जात नव्हती, शहरांत माणसं मात्र वाढत होती. पाठोपाठ फाळणी झाली आणि सिंधमधून उठून आलेली कुटुंबं नागपूर, अमरावती, अकोल्यात डोक्यावर छप्पर शोधू लागली. अशा वेळी १९४९ मध्ये 'सी. पी. अँड बेरार' सरकारनं घरं भाड्यानं देण्याबद्दल आणि भाडेनियंत्रणाबद्दल एक हुकूम काढला. जुने वकील त्याला नुसतं 'रेंट कंट्रोल ऑर्डर' म्हणतात.

त्यातल्या दोन गोष्टी आज वाचतानाही चकित करतात. घर रिकामं झालं की मालकानं ते प्रशासनाला कळवायचं आणि प्रशासन ते सरकारी नोकराला किंवा विस्थापिताला द्यायला सांगू शकत असे. दुसरी त्याहून मोठी. भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस द्यायची, तर मालकानं आधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी मिळवायची. भाडं थकवलं, पोटभाडेकरू ठेवला, मालकाला स्वतःला खरोखर घर हवं आहे, असं काही कारण सिद्ध केलं तरच परवानगी. ती मिळाल्यावर नोटीस आणि त्यानंतर दिवाणी कोर्ट. टंचाईच्या काळात माणूस एका रात्रीत रस्त्यावर येऊ नये, म्हणून सरकारनं मालक आणि भाडेकरू यांच्यामध्ये स्वतःला उभं केलं होतं.

मुंबईत ही गोष्ट त्याही आधी सुरू झाली होती. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात घरमालकांनी भाडी वाढवली तेव्हा तिथल्या बायकांनी भाडं देणंच बंद केलं. मेरी बार्बर त्यांच्या पुढारी. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेला भाडी गोठवणारा कायदा करावा लागला. तीन वर्षांत, १९१८ मध्ये, मुंबईतही तसाच कायदा आला. पुढं १९४७ चा प्रसिद्ध मुंबई भाडे कायदा आला आणि त्यानं भाडं १९४० च्या सप्टेंबरातल्या पातळीवर बांधून टाकलं.

इथं थांबून एक कडू गोष्ट मान्य करू या, कारण भाडेकरूंच्या बाजूनं बोलणारे ती बऱ्याचदा टाळतात. टंचाईपुरतं बांधलेलं भाडं टंचाई सरल्यावर सोडायचं असतं. मुंबईत ते पन्नास वर्षं सुटलंच नाही. मालकाला मिळणाऱ्या भाड्यात जिन्याचा बल्बही बदलणं परवडेना. मग दुरुस्ती थांबली, इमारती खचू लागल्या. १९६९ मध्ये सरकारला दुरुस्तीसाठी वेगळं मंडळ काढून उपकर बसवावा लागला. तेव्हा उपकर लागू झालेल्या इमारतींची संख्या १९,६४२ होती. दर पावसाळ्यात मुंबईत जुनी इमारत कोसळल्याची बातमी आपण वाचतो, तिच्या मागच्या कारणांत हे एक कारण आहेच. शिवाय वरकरणी भाडं शंभर-दोनशे आणि टेबलाखालून लाखांची पागडी, असा दुहेरी बाजार उभा राहिला. अखेर १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की, भाडं असं गोठवून ठेवणं आता न्याय्य राहिलेलं नाही.

त्यानंतर आला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला आणि मुंबईचा, विदर्भाचा, मराठवाड्याचा असे तीन वेगवेगळे कायदे एका जागी आले. आपली १९४९ ची ऑर्डर त्या दिवशी इतिहासजमा झाली. नव्या कायद्यानं वर्षाला चार टक्के भाडेवाढीला मुभा दिली, पागडीही कायदेशीर केली. हा कायदा प्रत्येक खेड्याला सरसकट लागू नाही, परिशिष्टात नोंदलेल्या शहरांना आणि गावांना आहे. आपली पोरं जिथं जातात ती अमरावती, नागपूर, पुणे ही शहरं त्यात आहेत.

आता तुमच्या कामाचं. या कायद्याचा पहिला अर्धा भाग, म्हणजे 'प्रमाण भाडं' किती असावं हा, तुमच्या खोलीला जवळपास लागूच पडत नाही. कारण तुम्हाला 'भाडेकरू' म्हणून खोली मिळतच नाही. करार झालाच तर तो 'लीव्ह अँड लायसन्स'चा, अकरा महिन्यांचा. त्यात तुम्ही 'परवानाधारक'. मुदत संपली की बाहेर. तिथं भाडं किती, यावर सरकारचा काही अंकुश नाही आणि डिपॉझिटवरही नाही. जुन्या कायद्यांत भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही, या भीतीतून मालकांनी ही वाट शोधली आणि सरकारनं ती रुंद केली.

त्या भीतीला मी खोटं म्हणणार नाही. अमरावतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढणारा माणूस बहुधा रिटायर झालेला मास्तर किंवा एसटीतला कंडक्टर असतो. फंडाचे पैसे त्यानं त्या विटांत घातलेले असतात. तोही कुठल्या तरी कामरगावातूनच आलेला असतो. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी, कुलूपबंद आढळली. एकीकडं खोली मिळत नाही आणि दुसरीकडं एवढी कुलपं. गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेली घरं त्यात आहेत, तसं 'दिलं तर परत मिळेल का' या भीतीनं लावलेलं कुलूपही आहे. बर्लिन शहरानं २०२० मध्ये भाडी गोठवली, तेव्हा ज्यांच्याकडं आधीच घर होतं त्यांचं भाडं कमी झालं, पण भाड्यानं देण्याच्या नव्या जाहिराती घटल्या. नव्यानं शहरात येणाऱ्याची, म्हणजे तुमच्यासारख्याची, पंचाईत झाली. पुढच्याच वर्षी तिथल्या घटनात्मक न्यायालयानं तो कायदा रद्दही केला.

म्हणून 'भाड्यावर कायमचं टाळं लावा' अशी मागणी या पानावरून आम्ही करणार नाही. आमचं भांडण दुसऱ्या अर्ध्या भागासाठी आहे, कारण तो कायद्यात आहे आणि तरी कुणी वापरत नाही.

कलम ५५ वाचा. लीव्ह अँड लायसन्स असो की साधं भाडं, करार लेखी आणि नोंदणी केलेला असलाच पाहिजे. ही जबाबदारी कुणाची? मालकाची. त्यानं ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुढची ओळ तर पोरांनी पाठच करावी अशी आहे: करार नोंदलेला नसेल, तर खोली कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरायचं. म्हणजे कागद नाही म्हणून घाबरायचं ते मालकानं. आपण मात्र उलटं समजून बसतो. "आपल्याजवळ काही प्रूफ नाही ना यार," म्हणत बॅग भरतो.

कलम २६ पैसे घेतल्याबरोबर लेखी पावती द्यायला सांगतं. न दिल्यास दिवसाला शंभर रुपयांपर्यंत दंड. कलम २९ मध्ये आहे की, सबळ कारणाशिवाय मालकानं भाडेकरूचं पाणी-वीज तोडायची नाही. 'खोली खाली कर' हे तोंडानं न सांगता मोटार बंद ठेवून सांगणारे मालक तुम्ही पाहिले असतील. कायदा करणाऱ्यांनीही पाहिले होते.

पण कायदा खोलीत शिरल्यानंतरचा आहे. शिरायच्या आधी जे होतं त्याचं काय? "आडनाव काय?" हा प्रश्न भाड्याच्या आधी येतो. नॉनव्हेज करता का, मुलगी एकटी आहे का, रात्री किती वाजता येणार, हे नंतर. खासगी मालकानं जात किंवा धर्म विचारून खोली नाकारली, तर भाडे कायद्यात त्यावर एक ओळही नाही. १९१७ मध्ये परदेशात उच्च शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शहरात राहायला जागा मिळाली नव्हती. एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून ते राहिले. ते कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. संस्थानानंही घर दिलं नाही. शेवटी ते नोकरी सोडून मुंबईला परतले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. शंभर वर्षांनंतर काठ्या गेल्या आहेत. आता फोनवर गोड आवाजात सांगतात, "अहो, कालच दिली खोली."

त्यांच्याच नावानं राज्य सरकारची एक योजना आहे, भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना बाहेर राहण्या-जेवण्याचा खर्च थेट खात्यात देणारी. २०१६-१७ पासून ती सुरू आहे. आदिवासी मुलांसाठी 'स्वयंम', ओबीसी आणि भटक्या-विमुक्त मुलांसाठी सावित्रीबाई फुलेंच्या नावाची 'आधार', इतर गटांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता, अशा तिच्या बहिणीही आहेत. योजना चांगल्या आहेत, त्यांची टिंगल करायची नाही. पण आकडे बघा. स्वाधारमध्ये मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याला वर्षाला ६० हजार, अमरावतीसारख्या शहरात ५१ हजार, इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. ५१ हजारांत राहण्यासाठी धरलेत १५ हजार. म्हणजे महिन्याला साडेबाराशे रुपये. स्टँडवरची ती तीन हजारांची खोली आठवा. उरलेले साडेसतराशे कुठून येणार, हे तुम्हाला माहीत आहे, शासन निर्णयाला माहीत नाही. पैसे उशिरा येतात ही ओरड आहेच, तिचा हिशेब वेगळा.

आणि गंमत अशी की, भाड्यानं राहतो हे दाखवायला अर्जासोबत करारनामा लागतो. मालक करार करायला तयार नसतो, 'उगाच टॅक्सचं लफडं' म्हणून. म्हणजे सरकारनं भाड्यासाठी दिलेले पैसे, सरकारच्याच कायद्यानं सक्तीचा केलेला कागद नाही म्हणून, पोराला मिळत नाहीत. मालकाला दंड झाल्याचं मात्र तुम्ही कधी ऐकलंय?

करार नोंदवणं महाग आहे का? मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. तीन हजारांच्या खोलीचं अकरा महिन्यांचं भाडं तेहतीस हजार, त्याचा पाव टक्का शंभर रुपयांच्या आत. पण महानगरपालिका हद्दीत नोंदणी फीच हजार रुपये आणि वर एजंटचे वेगळे. छोट्या खोलीला हे जड जातं, म्हणून दोघंही टाळतात. विद्यार्थ्यांच्या खोल्यांची नोंदणी फी सरकारनं माफ करावी, ही आमची पहिली मागणी. तिजोरीला फार खड्डा पडणार नाही. दुसरी, डिपॉझिटला मर्यादा घाला. केंद्रानं जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या मसुद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांवर सोपवलेलं आहे. अख्खा मसुदा नको असेल तर नको, त्याला विरोध करणाऱ्यांची कारणंही ऐकण्यासारखी आहेत, पण एवढं एक कलम उचलायला काय हरकत आहे? तिसरी मागणी जुनीच आहे. वसतिगृहं बांधा. पंजाबराव देशमुखांनी १९२० च्या दशकात अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत. खेड्यातल्या पोराला शहरात शिकवायचं तर आधी त्याला झोपायला जागा लागते, हे त्यांना पापळसारख्या गावातून आल्यामुळं कळलं होतं.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर या जूनमध्ये तुम्ही खोली घ्याल, तेव्हा पैसे रोख देऊ नका. यूपीआयनं द्या आणि नोटमध्ये 'जुलै महिन्याचं भाडं', 'डिपॉझिट' असं स्पष्ट लिहा. सामान टाकायच्या आधी भिंती, नळ, पंखा, बाथरूमचा दरवाजा यांचा व्हिडिओ काढून मालकालाच व्हॉट्सॲपवर पाठवा. करार होत नसेल तर निदान ठरलेल्या अटी मेसेजमध्ये लिहून त्यांचा 'ओके' घ्या. मुलींनी तर खास करून रात्रीच्या वेळेची अट आधीच लिहून घ्यावी, ती दर महिन्याला अर्ध्या तासानं अलीकडं सरकते. चार रूममेट असाल तर चौघांनी मिळून बोलायला जा, एकट्याला झटकणं सोपं असतं. आणि तरीही पाणी तोडलं, डिपॉझिट दाबलं, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. ठरलेल्या गटांतल्या लोकांना आणि सगळ्या महिलांना तिथं वकील फुकट मिळतो.

बाबा म्हणतील, "काहून एवढी कटकट? भले माणसं आहेत ते." भली माणसं असतील तर पावती द्यायला त्यांना जड जाणार नाही. "आमच्याजवळ पावतीपुस्तक नाही," असं ते म्हणाले, तर कॉलेजसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. एक विकत घ्या, कार्बन पेपर लावा आणि काकूंच्या हातात पेन द्या.